पावती कोणाच्या नावावर

मंगळवार, १ एप्रिल

आरान्सिबिया येऊन गेला. आमचा हिशेबनीस. महिन्याच्या पहिल्या तारखेला येतो, आणि बरोब्बर साडेदहाला, साल्तेन्या, त्या रसाच्या करंज्या, गरम असताना. दोन हाणल्या. रस मनगटापर्यंत ओघळला तो आमच्या मखमलीच्या तुकड्याला पुसला. न्येव्हेसताईने तिसरी पुढे केली.

"काय लिसेन, पावत्या नीट ठेवतोस ना?"

लिसेन म्हणे. पदवी घेतलेल्याला लिसेन म्हणतात हे त्याला माहीत आहे. मी तिसऱ्या वर्षाला उत्तरपत्रिका मास्तरांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो, हेही माहीत आहे. म्हणून तर म्हणतो. ताईनेही तेच उचललंय. लिसेन, चहा ठेव. लिसेन, बाबिणी भर.

माझं काम एवढंच — आईच्या भरतकामाला टिकल्या, मखमल, जर, तार आणायची. पक्की पावती घ्यायची. बिस्किटांच्या डब्यात टाकायची. महिनाअखेर यादी करून या ढेरपोट्याला द्यायची. तो न बघता सही ठोकतो आणि पाकीट घेतो. पावती असली की खरेदीवरचा कर वजा होतो, नसली की सगळा आमच्या बोडक्यावर. हे मला तो शिकवतो! तीन वर्षं हेच शिकलोय मी.

तळलेल्या कोंबडीच्या दुकानात मी त्याला पाहिलंय. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना म्हणतो, "तुमची पावती नको असेल तर द्या." हाडं टाकतात ना लोक, तशी ते पावती टाकतात आणि हा उचलतो.

गुरुवार, ३ एप्रिल

मखमलीच्या दुकानातल्या योवानाने आज नंबरही विचारला नाही.

मी मखमलीचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. तिने वर न बघता टकटक केलं — लारुता, आणि पुढचे सातही आकडे. माझे. ओळखपत्रावरचे. न विचारता. कागद फाडला, दोन बोटांत धरून दिला. "लारुता," म्हणाली. बस.

हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. बापाचं आडनाव. तो साओ पाउलोला शिवणकामाला गेला तो तिकडचाच झाला. आई स्वतःला कोल्के म्हणवते, दुकानाचा परवाना कोल्के, ताई बाहेर सांगते कोल्के. मी एकटा लारुता राहिलोय कॉलेजच्या कागदांमुळे. आणि हिच्या तोंडून ऐकलं की वाटतं बरंच आहे की नाव.

गेल्या जूनमध्ये ती नवी लागली. पहिल्याच दिवशी विचारलं, "कुणाच्या नावावर?" खिशात आईचा पुठ्ठा होता. आईला स्वतःचा करक्रमांक पाठ होत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय, तो देते. मी तो काढलाच नाही. म्हणालो, लारुता, लिंबर्ट. तिने मान वर करून पाहिलं. एवढ्यासाठी.

एका पावतीने काय होतंय, म्हटलं. दुसऱ्या वेळी वाटलं, आता बदललं तर विचारेल, मग तू कोण? मालक नाहीस? तिसऱ्या वेळी तिला नाव आठवत होतं. मग कसा बदलणार?

यादीत मी आईचं नाव घालतो. आरान्सिबिया डबा उघडत नाही. कोण बघतंय.

शुक्रवार, ४ एप्रिल

गेलो होतो. फक्त दोऱ्याची एक रीळ घेतली. तिने तिचीही पावती केली.

सोमवार, ७ एप्रिल

ताईशी जुंपली. ती वरच्या बाजारातून टिकल्या घेऊन आली. बिनबिलाच्या. किलोमागे नऊ बोलिव्हियानो स्वस्त.

मी म्हटलं, ही खरेदी दाखवणार कशी?

"तू दाखव की. तीन वर्षं कॉलेजात काय पापड लाटत होतास?"

"पक्कं बिल नसेल तर ती खरेदी झालीच नाही असं धरतात. कळतं का तुला?"

"तुझ्या त्या दुकानात महाग मिळतं आणि तू आठवड्यातून चारदा जातोस. मला सगळं कळतं, लिसेन. आंधळी नाही मी."

मी पिशवी हिसकली. फुटली. सोनेरी टिकल्या सगळ्या फरशीवर. आई यंत्रापाशी होती. उठली, झाडू आणला, माझ्या हातात दिला. तिने ओरडावं असं मला फार वाटतं. ती ओरडत नाही.

झाडताना दिसलं, आईने पुढची खोली रिकामी केलीय. रस्त्याकडची. मापाचे पुतळे, जुने मुखवटे सगळे मागे नेलेत. कशाला, विचारलं. म्हणाली, "बघू." ताईच्या बाळंतपणासाठी असणार. ताईला सगळं मिळतं.

शनिवार, १२ एप्रिल

तिच्यासाठी मक्याची गरम आपी घेऊन गेलो, जांभळी, वर पांढरी. कागदी पेला काउंटरवर ठेवला. ती म्हणाली, "इथे पेय ठेवायला मनाई आहे, कागद भिजतात." मी बाजूला ठेवला. माझ्या मागचा म्हातारा म्हणाला, "मग मी पितो, पोरा." आणि प्यायला! सगळी!

एक मिनीबसवाला रांगेत होता, पडद्यांना झालर घेत होता. तिला म्हणतो, "राणी, जरा लवकर." मी त्याची कॉलर धरली. लोक मधे पडले. योवानाने पावती फाडली आणि त्याला म्हणाली, "पुढच्या वेळी सुटे आणा." मला काहीच म्हणाली नाही. बघत होती पण. नक्की बघत होती.

घरी आल्यावर आई म्हणाली, "इथे तुला जागा कमी पडते का रे?" म्हटलं, का? म्हणाली, "काही सांगायचं असलं तर सांगत जा." म्हटलं, काही नाही सांगायचं. ताईने चुगली केली असणार मिनीबसवाल्याची. शहरभर हिचे हेर.

मंगळवार, १५ एप्रिल

करकचेरीची नोटीस.

आमच्या यादीतली खरेदी विकणाऱ्याच्या नोंदीशी जुळत नाही. दहा महिने. मूळ पावत्या घेऊन या. बुधवार, २३.

आईने कागद हातात धरला. आई वाचत नाही, आई भरते. नाचणाऱ्यांच्या पोशाखांच्या पाठीवर त्यांची नावं भरून भरून तिला अक्षरांचे आकार कळतात, कुठे टाका वळतो ते कळतं, पण नोटीस नाही कळत. मी वाचून दाखवली. आवाज माझा मलाच ऐकू येत होता.

"मग पावत्या आहेत की," ती म्हणाली. "डबाभर. मीच तर रोज सरळ करून ठेवते, तू चोळामोळा करून आणतोस."

ताई म्हणाली, "नशीब आपलं, लिसेन आहे घरात."

बुधवार, १६ एप्रिल

डबा घेऊन गच्चीवर बसलो. एकसष्ट पावत्या. एकसष्ट वेळा लारुता.

जून-जुलैच्या फिकट झाल्यात, उजेडात धरल्या तरच दिसतं. आधी बरं वाटलं. मग आठवलं, कागद पुसला म्हणून काय, तिकडे करकचेरीच्या संगणकात सगळं आहे. त्यांना कागद नकोच आहेत. त्यांना मी हवाय.

हिशेब मला येतो, तेवढं तरी शिकलोय. या एकसष्ट धरल्या नाहीत तर कर, वर दंड. मिळून जवळजवळ आमच्या बारा सुयांच्या यंत्राची किंमत. ते यंत्र नसेल तर ग्रान पोदेरच्या मिरवणुकीचे ऐंशी पोशाख हाताने. आईच्या उजव्या अंगठ्याचं पेर मागच्या हिवाळ्यापासून वाकत नाही.

कोणाला सांगू? आरान्सिबियाला? त्यापेक्षा गच्चीवरून उडी मारीन.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडे. आईने रिवाजाचे बारा पदार्थ केले. आरान्सिबिया आला, कोण बोलावतं याला? बारा पदार्थांवर बारा वेळा उपकार केल्यासारखा जेवला. खीर खाताना आईला म्हणाला, "सातुर्नीनाबाई, खरं सांगा. बाजारात बिनबिलाचं घेतलंत ना? स्वस्तात? तुम्ही बायका दोन पैसे वाचवता आणि निस्तरायचं आम्ही."

आई म्हणाली, "घेतलं असेल."

घेतलं असेल! मी तिथेच बसलो होतो. पानात मासा होता. मी त्याचे काटे काढत होतो. एकेक. सगळे काढले.

ताईने मान खाली घातली. तिला वाटतंय तिच्या टिकल्यांमुळे.

सोमवार, २१ एप्रिल

दुकान उघडायच्या आत दारात उभा होतो. योवाना आली, कुलूप काढलं. सगळं सांगितलं तिला. म्हणजे सगळं नाही. म्हटलं चूक झाली, नाव बदलून दे, कोल्के कर.

"या महिन्याच्या चार आहेत, त्या रद्द करून नव्या करते. मागच्या नाही होत. बंद झालेत महिने."

"काहीतरी कर."

"तू पहिल्याच महिन्यात यायला हवं होतंस. मी दर वेळी पावती हातात देते ती वाचायलाच ना?"

मग तोंडातून निघून गेलं. म्हटलं, तू का विचारायची बंद झालीस? तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं कधीतरी. माझा नंबर का पाठ केलास?

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. गाल लाल झाले, पण लाजून नाही, तसले नाही.

"लारुता, तो बघ." आत शिरणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. त्या आपी पिणाऱ्या थेरड्याकडे. आणि त्याचं आडनाव आणि सातच्या सात आकडे म्हणून दाखवले. मग त्याच्या मागच्या बाईचे. मग त्या मिनीबसवाल्याचे, जो तिथे नव्हताही! "मला साडेतीनशे लोकांचे पाठ आहेत. दिवसभर हेच करते मी. विचारत बसले तर रांग रस्त्यावर जाते."

म्हातारा म्हणाला, "माझा बरोबर म्हणाली हं. मला नाही येत माझा."

मी टिकल्यांच्या मांडणीला लाथ घातली. पडली नाही. अंगठा सुजलाय. चार नव्या पावत्या तिने तरीही करून दिल्या, कोल्के, मागून हाक मारून दिल्या. त्याचाच जास्त राग येतो.

बुधवार, २३ एप्रिल

करकचेरी. आई आणि मी, नंबर येईपर्यंत दोन तास. आरान्सिबिया कोट घालून आला होता, लग्नाला आल्यासारखा. काल त्याने डबा नेला तेव्हाही उघडला नव्हता, दोरी तशीच होती.

काउंटरवरच्या बाईने दोरी सोडली. एक पावती बघितली, दुसरी, पाचवी. मग आरान्सिबियाकडे फिरवून ठेवल्या.

"या तुमच्या पक्षकाराच्या नाहीत. लारुता कोण?"

त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मी बघितलं नाही, मी जमिनीकडे बघत होतो.

"लारुता कोण?" बाईने पुन्हा विचारलं. चढ्या आवाजात नाही. तिला लिहायचं होतं.

मी तोंड उघडलं. आणि आई म्हणाली, "माझा मुलगा. मीच सांगितलं त्याला, तुझ्या नावावर घे म्हणून. मला वाटलं चालतं."

"आई —"

"तू गप्प बस. बाई, दंड किती ते सांगा."

बाई म्हणाली, मुलाच्या नावावर परवाना असता तर गोष्ट वेगळी होती. आई म्हणाली, "परवाना कुठे काढतात? कितवा मजला?" बाईने सांगितलं, पण म्हणाली, आता काढून मागचं भरून येत नाही. आईने मान हलवली. मला वाटलं, तिला काहीच समजलं नाहीये, उगाच विचारतेय.

बाहेर जिन्यावर आरान्सिबिया म्हणाला, "बाई, एका अर्धवट शिकलेल्याच्या हातात डबा दिलात तुम्ही." मी त्याला भिंतीला लावला. टाय मुठीत. म्हटलं, तू दहा महिने सही करत होतास, एकदा झाकण उघडलंस? एकदा? तो काहीतरी पुटपुटला. खरं तर त्याचं बरोबर होतं. म्हणूनच जास्त आवळला.

आईने माझा हात सोडवला. वाकत नाही त्या अंगठ्याने.

शुक्रवार, २५ एप्रिल

यंत्र विकायचं ठरलं. एल आल्तोचा एक माणूस घेतोय.

ताईला मी सगळं सांगितलं. योवाना, नाव, सगळं. वाटलं ती थोबाडीत देईल. ती पोटावर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "एका पोरीने तुझं नाव घ्यावं म्हणून?" मग म्हणाली, "मी आठ दिवस झोपले नाही रे. मला वाटलं माझ्या टिकल्यांमुळे."

लिसेन म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं होतं.

आईला विचारलं, कचेरीत खोटं का बोललीस? मला वाचवायला सांगितलं होतं का कोणी तुला? मी लहान आहे का? बराच ओरडलो. ती म्हणाली, "सुई ओव. मला दिसत नाही."

ओवली.

शनिवार, ३ मे

यंत्र नेलं. चौघांनी उचललं, दारात अडकलं, चौकटीचा तुकडा निघाला. आईने त्यांना सरबत दिलं. एल आल्तोच्या माणसाने पैसे मोजून दिले आणि आई म्हणाली, "पावती करायची ना? कोल्के." आणि खिशातून पुठ्ठा काढला, त्यावर बघून एकेक आकडा सांगितला. मधे चुकली. परत पहिल्यापासून.

मला हसू आलं आणि मग तोंड धुवायला गेलो.

सोमवार, १२ मे

ऐंशीतले एकतीस झाले. सगळे बसतो. मी पण. माझे टाके वेडेवाकडे पडतात, आई रात्रीच्या जेवणाआधी उसवते, न सांगता. मला कळतं.

जर संपली, योवानाकडेच जावं लागलं, दुसरीकडे तो रंग नाही. तिची बोटं लारुतावर गेली होती. मी म्हटलं, "कोल्के." पुठ्ठा पुढे केला. तिने पुठ्ठा बघून टाकलं. पुढच्या वेळी दाखवायला लागणार नाही, माहीत आहे मला. साडेतीनशेवर एक.

तिचा राग येतो का? येतो. ती सरळ आहे, याचा येतो. आरान्सिबियाचाही येतो. त्याला काढून टाकलं आईने, परवाच, साल्तेन्या देऊन. आता हिशेब मी करायचा म्हणते. डबाही माझ्याचकडे. वेडी आहे का ही? कोणी असं करतं?

मंगळवार, २० मे

सकाळी वरच्या गल्लीतला रंगारी आला. पाठीला दोरीने बांधून पत्र्याची पाटी आणली होती, दीड हात रुंद. म्हणाला, फेब्रुवारीपासून माझ्याकडे पडून आहे, पैसे भरलेत, नेत कोणी नाही, मला जागा होत नाही. आई घरी नव्हती. मी म्हटलं, आमची नसेल. त्याने पाटी रिकाम्या खोलीच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून टेकवली. निळ्यावर पिवळी अक्षरं. लिंबर्ट लारुता, भरतकाम. मागे चिकटपट्टीने पावती लावलेली. पक्की. माझ्या नावावर, खाली माझे सातही आकडे, बरोबर. मी विचारलं, हा नंबर तुम्हाला कोणी दिला? तो म्हणाला, "बाईंनी. तोंडपाठ सांगितला. म्हणाल्या, पोरगा स्वतःचं दुकान काढतोय, पावत्या बघते मी रोज, त्याला कळू देऊ नका."